रिगवर पडण्यापासून कसं वाचायचं, आणि कुणी पडलाच तर पुढे काय करायचं

तेलाची विहीर खणायच्या रिगवर माणूस पडला म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर डेरिकवर, म्हणजे मनोऱ्यावर काम करणारा डेरिकमॅनच येतो, रिग फ्लोअरच्या वर ८०-९० फुटांवर मंकी बोर्डवर (पाईप हाताळायच्या फळीवर) उभा असलेला. पण खरं सांगू का, तो माणूस बहुतेक वेळा बांधलेला असतो, ड्रिलरचं त्याच्यावर लक्ष असतं, आणि आपण उंचावर आहोत हे त्याला स्वतःलाही पक्कं माहीत असतं. मला भीती वाटते ती मधल्या वेळाची. शिडी संपली आणि बोर्डवर पाय टाकायचाय, एक हुक काढला पण दुसरा अजून लागलेला नाही, ग्रेटिंग उचललं आणि झाकण आणायला कुणीतरी गेलाय, क्रेनने माल घ्यायचा म्हणून रेलिंग काढून ठेवलंय. "दोन मिनिटांचं तर काम आहे" हे वाक्य जिथे जिथे ऐकू येतं तिथे पडायची जागा आहे असं समजा. म्हणून खाली जे लिहितोय ते बरंचसं या मधल्या वेळाबद्दलच आहे.

आधी जागा ओळखा

रिग फ्लोअरवर सगळ्यात वाईट जागा व्ही-डोअर, म्हणजे पाईप आत घ्यायची मोकळी बाजू. पाईप वर घेताना तिथली चेन किंवा गेट उघडावंच लागतं, आणि पाईप आला की लगेच ते लावायला कुणाचा हात रिकामा नसतो. त्यामुळे चेन कोण लावणार हे आधीच एका माणसाच्या नावावर टाका, "कुणीतरी लावेल" असं ठेवलं की ती लागत नाही. फ्लोअरवरच माऊसहोल, रॅटहोल (पाईप उभा ठेवायची भोकं), त्यांची झाकणं. ट्रिप (विहिरीतून सगळा पाईप काढणं किंवा परत घालणं) चालू असताना पाईप ओला निघाला की मड, म्हणजे खणताना विहिरीत फिरवायचा द्रव, सांडतो, त्यात पाईप डोप (जोडांना लावायचं ग्रीस) मिसळतो, आणि ऑईल बेस मड असेल तर बुटाचा सोल कितीही चांगला असला तरी घसरतोच. अशा वेळी मड बकेट (पाईपच्या जोडाभोवती मड झेलणारं भांडं) वापरा, वॉशडाऊनचा पाईप हाताशी ठेवा, आणि स्लिप (पाईप धरून ठेवणारी पाचर) बसल्यावर दहा सेकंद थांबून फ्लोअर धुवायला ड्रिलरकडून वेळ मागून घ्या. सपाट जागेवरचं पडणं लोक हसण्यावारी नेतात पण मनगट, गुडघा, कंबर तिथेच जातात, आणि वर टाँग (पाईप आवळायचा मोठा पाना) किंवा रोटरीच्या (पाईप फिरवणाऱ्या यंत्राच्या) जवळ पडला तर गोष्ट फक्त मनगटावर थांबत नाही.

मग मड टँकवरचे पॅसेज, शेल शेकरचा, म्हणजे मड चाळायच्या चाळणीचा, जिना (कायम ओला), सबस्ट्रक्चरच्या (फ्लोअरखालच्या सांगाड्याच्या) खाली बीओपी (विहिरीच्या तोंडावरचे दाब रोखणारे व्हॉल्व्ह) लावताना-काढताना उभं राहायच्या अरुंद जागा, सेलर (विहिरीच्या तोंडाशी खणलेला खड्डा). पाईप रॅकवर पाईपांवरून चालणं तर सरळ बंदच करा, एक पाईप गोल फिरला की पाय मध्ये जातो. ट्रेलरवरून माल उतरवताना पडणारेही असतात, चार-पाच फूट उंची दिसायला काहीच नसते पण माणूस मागच्या मागे जातो आणि डोकं आधी लागतं. आणि सगळ्यात गर्दीचा काळ म्हणजे रिग अप आणि रिग डाऊन (रिग उभी करणं आणि उतरवणं), कारण तेव्हा अर्ध्या रेलिंग लागलेल्या नसतात, जिने टेकवलेले असतात पण पिन मारलेल्या नसतात, आणि सगळ्यांना घाई असते. जिन्याला पिन आणि सेफ्टी क्लिप दोन्ही आहेत का हे डोळ्याने बघितल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवू नका.

भोकं आणि झाकणं

यावर वेगळं लिहितोय कारण हा अपघात फार फसवा आहे. जमिनीतल्या भोकावर कुणीतरी प्लायवूडचा तुकडा टाकून ठेवतो. नंतर दुसरा माणूस येतो, त्याला वाटतं प्लाय असाच पडलाय, तो दोन्ही हातांनी उचलतो, समोर धरतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. प्लायच्या आड भोक दिसत नाही आणि तो सरळ त्यातच जातो. म्हणून झाकण म्हणजे नुसतं टाकलेलं लाकूड नाही, ते बोल्टने किंवा क्लॅम्पने पक्कं बसवलेलं पाहिजे, माणूस आणि सामान दोन्हीचं वजन पेलणारं पाहिजे, आणि त्यावर मोठ्या अक्षरात "खाली भोक आहे, काढू नका" लिहिलेलं पाहिजे. ग्रेटिंग काढायचंच असेल तर आधी चारी बाजूंनी कडक बॅरिकेड लावा, मग ग्रेटिंगला हात घाला. पिवळी टेप म्हणजे बॅरिकेड नाही, टेप कुणाला अडवत नाही, ती फक्त नंतर फोटोत छान दिसते.

चढायच्या आधी

पहिला प्रश्न हा की वर जायलाच पाहिजे का. मास्ट (रिगचा उंच मनोरा) उभा करायच्या आधी तो आडवा असतानाच लाईट, ग्रीस, शीव्हची (दोराच्या कप्पीची) तपासणी, ढिले बोल्ट, सगळं खाली उभं राहून करता येतं, तेव्हा विसरलं की तेच काम नंतर १०० फुटांवर लटकून करावं लागतं. वर जायलाच लागणार असेल तर रेलिंग असलेली जागा मिळते का बघा. तीही नसेल तर असं बांधून घ्या की कडेपर्यंत पोचताच येणार नाही. आणि हे काहीच जमत नसेल तेव्हा फॉल अरेस्ट, म्हणजे पडल्यावर अडवणारं हार्नेस. लोक उलट्या क्रमाने जातात, आधी हार्नेस चढवतात आणि मग बाकीच्याचा विचारच करत नाहीत.

हार्नेस कसं तपासायचं ते नीट सांगतो कारण "चेक केलं" असं फॉर्मवर लिहिणारे खूप आणि खरं तपासणारे थोडे. पाठीवरची डी-रिंग धरून हार्नेस उचला म्हणजे पट्टे मोकळे लोंबतील. मग एकेक पट्टा दोन्ही हातात धरून उलट्या यू सारखा वाकवा आणि बोटभर अंतराने पुढे सरकत जा, वाकवल्यावर तुटलेले धागे वर येतात, सरळ धरलं तर दिसतच नाहीत. शिलाईचा धागा पट्ट्याच्या रंगापेक्षा वेगळा असतो तो याचसाठी, तुटला की कळावा. जळालेला ठिपका, कडक झालेली जागा, रंग उडालेला पट्टा, ऑईल बेस मड किंवा केमिकल मुरलेला पट्टा, यातलं काहीही दिसलं तर हार्नेस बाजूला. लॅनयार्डच्या (हार्नेस पक्क्या जागी बांधणाऱ्या पट्ट्याच्या) शॉक पॅकचं (झटका शोषणाऱ्या घडीचं) कव्हर फाटलेलं किंवा पॅक थोडासा जरी उघडलेला असेल तर तो एकदा वापरून झालेला आहे, त्याचं काम संपलं. हुकचं गेट आपोआप बंद होतंय का, आणि दोन वेगळ्या हालचाली केल्याशिवाय उघडत तर नाही ना, हे बघा. घातल्यावर मांडीच्या पट्ट्यात सरळ हात जायला हवा पण मूठ जायला नको, डी-रिंग दोन खांद्यांच्या मध्ये, आणि हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा लावलेला. तो पट्टा नसेल तर पडताना हेल्मेट आधी जातं आणि डोकं मागून येतं.

आता हिशोब, जो कुणीच करत नाही. ६ फुटी लॅनयार्ड घ्या. पडलात की ते ६ फूट ताणलं जाणार, मग शॉक पॅक उघडून अंदाजे साडेतीन फूट लांबणार, पाठीवरच्या डी-रिंगपासून पायापर्यंत तुमची स्वतःची ५ फूट, आणि वर ३ फूट राखीव. बेरीज साडेसतरा, बरेच जण साडेअठरा धरतात. म्हणजे जिथे हुक लावलाय त्या पॉइंटपासून खाली एवढी मोकळी जागा नसेल तर हार्नेस असूनही तुम्ही खाली आपटणार. बीओपी डेकवर किंवा टँकवर ही जागा बहुतेक वेळा मिळतच नाही, तिथे डोक्याच्या वर लावलेलं सेल्फ रिट्रॅक्टिंग, म्हणजे स्वतःच गुंडाळणारं युनिट पाहिजे जे झटका बसला की थोड्याच अंतरात लॉक होतं. चढायच्या आधी त्याची केबल जोरात झटका देऊन ओढून बघा, लॉक झालं नाही तर वर जायचं नाही.

आणि हुक पायाशी लावू नका. पायाशी लावला की डी-रिंग आधी ५ फूट खाली येणार, मग लॅनयार्ड ताणायला अजून ६, म्हणजे ११ फूट मोकळं पडणं झालं, साधं ६ फुटी लॅनयार्ड त्यासाठी बनवलेलंच नसतं. नुसतं ६ फूट पडायला अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर लागतं आणि तेवढ्यात वेग ताशी २१ किलोमीटरच्या पुढे जातो, "पडताना काहीतरी पकडेन" हा विचार डोक्यातून काढून टाका.

अँकर, म्हणजे हुक लावायची जागा, कुठला? अमेरिकेचा नियम माणशी ५,००० पौंड सांगतो, म्हणजे साधारण सव्वादोन टन, किंवा मग जाणकाराने हिशोब करून दिलेली सिस्टीम. रेलिंग, केबल ट्रे, पातळ पाईप, हायड्रॉलिक होज हे अँकर नाहीत. हलणाऱ्या वस्तूला कधीच बांधायचं नाही, ट्रॅव्हलिंग ब्लॉक (मनोऱ्यात वरखाली होणारी मोठी कप्पी), टॉप ड्राईव्ह (पाईप फिरवणारी वरची मोटर), टगरची (छोट्या विंचची) वायर, काहीही असो, ते हललं की तुम्हाला सोबत घेऊन जाईल. अँकर शक्यतो डोक्याच्या सरळ वर, बाजूला लांब गेलात आणि पडलात तर झोका खाऊन एखाद्या बीमवर आदळाल आणि तो मार जमिनीवर पडल्यासारखाच.

डेरिकमध्ये

शिडीवर तीन टेकू कायम, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, तोंड शिडीकडे, हातात काहीही नाही, हत्यारं पिशवीतून दोरीने वर आणि वर वापरताना प्रत्येक हत्याराला दोरी. पहिल्या पायरीच्या आधी बुटाचा मड खरवडून काढा, दहा पायऱ्यांनंतर आठवून उपयोग नसतो. शिडीभोवती पिंजरा आहे म्हणून सुरक्षित असंही समजू नका, पिंजरा पडणाऱ्याला थांबवत नाही. अमेरिकेत १९ नोव्हेंबर २०१८ पासून २४ फुटांवरच्या नव्या पक्क्या शिड्यांना पिंजरा चालत नाही, लॅडर सेफ्टी सिस्टीम किंवा फॉल अरेस्ट लागतं, आणि जुन्यांनाही १८ नोव्हेंबर २०३६ पर्यंत ते बसवायचंय. काउंटरवेटवालं क्लाइंब असिस्ट असेल तर ते फक्त तुमचं वजन हलकं करतं, पडताना पकडण्यासाठी वेगळं काहीतरी जोडलेलं हवंच. यात गफलत करणारे जुने जाणते लोकही बघितलेत.

शिडीवरून बोर्डवर जातानाचा तो एक मीटर, तिथे दोन हुकांचं लॅनयार्ड हवं. नवा हुक लागल्याचा क्लिक ऐका, ओढून बघा, मग जुना काढा. बोर्डवर स्टँड (जोडलेल्या पाईपांची उभी लांबी) पकडायला बाहेर झुकायचं असतं तेव्हा कमरेचा बेल्ट किंवा बेली रोप तुम्हाला जागेवर धरतो, पण तो पडणं अडवायला नाही, त्यासाठी पाठीच्या डी-रिंगला वेगळी लाईन लागलेली असली पाहिजे. दोन्ही एकाच वेळी. आणि बेली रोपची लांबी प्रत्येक डेरिकमॅनने स्वतःच्या हाताच्या पोचेनुसार लावायची, आधीच्या शिफ्टच्या माणसाने सोडलेल्या मापावर काम सुरू करायचं नाही. सुटकेची जेरोनिमो लाईन ही आग किंवा ब्लोआउटमध्ये (विहिरीतून तेल-गॅस उसळला तर) खाली सटकायला असते, तिच्या उतरायच्या टोकाशी कुणी गाडी लावलेली नाही ना एवढं रोज बघा.

माणसाला वर खेचायचं असेल तर फक्त माणसांसाठीची मॅन रायडिंग विंच, पाईप ओढायची नाही. विंचवाल्याने तो माणूस खाली येईपर्यंत लिव्हर सोडायचा नाही, आणि तेवढा वेळ ब्लॉक आणि रोटरी बंद.

कुणी पडला तर

पहिलं काम धावत जाणं नाही, थांबवणं. ड्रिलरने ब्लॉक थांबवायचा, रोटरी बंद, वरून अजून काही खाली येणार नाही हे बघायचं. मग एक प्रश्न विचारा, विशेषतः माणूस सेलरमध्ये किंवा टँकजवळ आडवा दिसला तर, हा घसरून पडला की गॅसने पडला? हायड्रोजन सल्फाईड हवेपेक्षा जड आहे, खोलगट जागेत साठतो, १०० पीपीएमच्या आसपास नाकाला वास येणंच बंद होतं. टाकीचं झाकण उघडून मोजमाप घेताना येणारी तेलाची वाफही माणसाला तिथेच आडवं करू शकते, अमेरिकेत २०१० ते २०१४ मध्ये टाकी मोजण्याच्या कामाशी जोडलेले असे ९ मृत्यू निऑश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने नोंदवलेत. त्यामुळे गॅस डिटेक्टर आणि श्वासाचा सेट नसताना मागे उडी मारलीत तर एकाचे दोन होतात.

हार्नेसला लटकलेला असेल तर घड्याळ सुरू झालं असं समजा. न हलता लटकलं की मांडीच्या पट्ट्यांनी आणि पाय लोंबल्याने रक्त खाली साठतं, बेशुद्धी काही मिनिटांत येऊ शकते आणि अर्ध्या तासाच्या आत जीवावर बेतू शकतं. शुद्धीत असेल तर पाय हलवत रहा म्हणून ओरडून सांगा, हार्नेसला पाय टेकायचे वेगळे पट्टे पाकिटात असतील तर ते बाहेर काढून त्यात उभं राहायला सांगा, मांडीचे पट्टे सोडायचे नाहीत. "अँब्युलन्स बोलवू" हा रेस्क्यू प्लॅन नाही, रिगवर ती यायला तास लागू शकतो. खाली आणायचं सामान कुठे आहे, कोण चढणार, विंच कोण चालवणार हे परमिटवर सही व्हायच्या आधी ठरलेलं पाहिजे आणि एकदा तरी डमी लटकवून करून बघितलेलं पाहिजे. खाली आणल्यावर बसवून ठेवा, आडवं करू नका असा जुना सल्ला अजून फिरतो. ब्रिटनच्या एचएसई या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २००९ मध्ये पुरावे तपासून सांगितलं की त्याला आधार नाही, नेहमीचंच प्रथमोपचार करा, बेशुद्ध असेल तर श्वास आधी.

जमिनीवर पडलेल्याला उचलून डॉगहाऊसमध्ये (फ्लोअरवरच्या केबिनमध्ये) नेऊ नका. एकाने डोकं आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरायची, श्वास बघायचा, जोरात रक्त येत असेल तिथे दाबून धरायचं, अंगावर काहीतरी पांघरायचं. पायांवर पडला असेल आणि टाच दुखतेय म्हणत असेल तर मणक्याकडे लक्ष द्या, टाचेचं हाड मोडलं की सोबत कमरेचा मणकाही दबलेला असू शकतो, टाचेच्या दुखण्यात पाठीचं दुखणं लपतं. पायाला मुंग्या, बधिरपणा, लघवी न कळणं हे लगेच डॉक्टरला सांगायचं. खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. मदत मागवताना विहिरीचं नाव पुरत नाही, कोऑर्डिनेट्स, कुठलं गेट, आणि गेटवर उभा राहणारा माणूस, तिन्ही सांगा.

आणि जो उठून म्हणतो "मी ठीक आहे" त्याला एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका. डोक्यातलं रक्त साठायला तास लागू शकतात, मध्ये माणूस अगदी नॉर्मल बोलतो. उलट्या, झोपाळूपणा, वाढत जाणारी डोकेदुखी, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, यातलं काहीही आलं तर हॉस्पिटल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काहीही न होता सुद्धा हॉस्पिटल.

नंतरचं कागदांचं काम

त्याच शिफ्टमध्ये रिपोर्ट करा, तोंडी नाही, लेखी, आणि कॉपी स्वतःकडे ठेवा. बोनस जाईल, क्रूचा रेकॉर्ड बिघडेल म्हणून दोन दिवस थांबलात की पुढे "घरी पडला असेल" हे ऐकायची तयारी ठेवा. डॉक्टरला स्पष्ट सांगा की कामावर पडलो, किती उंचीवरून, कशावर, कसा, कारण केसपेपरवर जे पहिल्या दिवशी लिहिलं जातं तेच शेवटपर्यंत चालतं. जागेचे फोटो कुणीतरी साफसफाईच्या आधी काढायला हवेत. ज्या हार्नेसने पडणं अडवलं ते परत वापरायचं नाही आणि फेकायचंही नाही, टॅग लावून कुलपात, तो पुरावा आहे.

रिगवर एका वेळी ऑपरेटर, ड्रिलिंग काँट्रॅक्टर आणि चार-पाच सर्व्हिस कंपन्यांची माणसं असतात, त्यामुळे तुमचा पगार कोण देतो, रेलिंग कुणी काढलं आणि परमिट कुणी दिलं ही तीन वेगळी उत्तरं असू शकतात. जेएसए (कामाआधी लिहिलेली धोक्यांची यादी), परमिट, शिफ्टचा रिपोर्ट यांच्या कॉपी मागून घ्या, साक्षीदारांचे फोन नंबर क्रू चेंजच्या आधी घ्या, नंतर माणसं चार दिशांना जातात. जबाब देताना जे बघितलं तेवढंच, अंदाज नाही, "आठवत नाही" हे पण उत्तर आहे, आणि वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नाही. नुकसानभरपाईची मुदत देशागणिक वेगळी आणि काही ठिकाणी फारच कमी असते, म्हणून युनियन किंवा वकिलाला पहिल्या आठवड्यातच विचारा.

चौकशीत "कामगाराने काळजी घेतली नाही" एवढंच कारण लिहून फाईल बंद होत असेल तर अडवा. रेलिंग कुणी काढलं, परत कोण लावणार होतं, मधल्या वेळात तिथे कोण उभं होतं, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

परत कामावर येताना हलकं काम दिलंय असं तोंडी चालत नाही, काय उचलायचं, किती चढायचं हे डॉक्टरकडून लिहून आणा. उंचीवर परत जायची परवानगी वेगळी घ्या, नुसतं फिट लिहिलेलं सर्टिफिकेट पुरत नाही. आणि हार्नेस नव्याने मापाचं घ्या, बरेचसे हार्नेस आणि लॅनयार्ड अंगावरच्या हत्यारांसकट १३० ते ३१० पौंडांसाठी असतात, म्हणजे साधारण ५९ ते १४० किलो, दोन-तीन महिने अंथरुणात गेले की वजन इकडचं तिकडे होतं आणि जुने पट्टे जुन्याच मापावर लावलेले असतात.